आधी फक्की, मग काँक्रीट

दरवर्षी 11 डिसेंबरला पुण्याचा लक्ष्मी रस्ता काही तासांसाठी वाहनांना बंद होतो. 2021 पासून पुणे महापालिका हा दिवस पादचारी दिन म्हणून पाळते. असा दिवस पाळणारे हे देशातले पहिले शहर. एरवी लगीनसराईच्या गर्दीत ज्या रस्त्यावर खांदा वळवायला जागा नसते, तिथे त्या दिवशी बाके येतात, खेळ मांडले जातात, माणसे मधोमध चालतात. आणि दुसऱ्या दिवशी ठरलेला सूर लागतो. एका दिवसाने काय होते? हा देखावा झाला. त्यापेक्षा खड्डे बुजवा, पार्किंग द्या, पदपथावरची अतिक्रमणे काढा.

हा सूर आता पुण्यापुरता राहिलेला नाही. चौकात रंगाचे पट्टे मारून वळण अरुंद करणे, आठवड्यातून एक सकाळ रस्ता चालणाऱ्यांना देणे, शाळेसमोर बॅरिकेड लावून मुलांसाठी जागा राखणे, पडीक कोपरा झाडून तिथे बसायची सोय करणे, अशा लहान आणि तात्पुरत्या कामांची चर्चा तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली आहे. तिच्यामागून टीकाही पोचली आहे. तालुक्यात तर ती जास्त झोंबरी होते, कारण तिथे तिला आणखी एक वाक्य जोडता येते: हे पुण्या-मुंबईचे चोचले, आपल्याकडे कशाला?

कर्जतकडे पाहून या टीकेला उत्तर देता येते. हे कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातले. मुंबईची लोकल जिथे जाते ते रायगडातले कर्जत वेगळे. हे संत गोदड महाराजांचे गाव. पाऊस बेताचा, तालुका कायम दुष्काळाच्या यादीत. तालुक्यात एका टोकाला सिद्धटेकचा गणपती, दुसरीकडे रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य, आणि राशीन, मिरजगावसारख्या मोठ्या बाजारपेठा. अंबालिका हा साखर कारखानाही याच तालुक्यात, त्यामुळे गाळप सुरू झाले की रस्त्यांवर दोन-दोन ट्रेलर ओढणारे उसाचे ट्रॅक्टर दिसू लागतात. गावाला नगरपंचायत मिळून फार वर्षे झालेली नाहीत. अशा गावात तात्पुरत्या कामांचे काय काम, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी या गावाचा अलीकडचा इतिहास आठवावा.

2 ऑक्टोबर 2020 रोजी राज्य सरकारने माझी वसुंधरा अभियान सुरू केले. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशा पाच तत्त्वांवर गुण आणि राज्यभरातल्या 686 स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये स्पर्धा. निकाल 5 जून 2021 रोजी लागला. त्यात नगरपंचायतींच्या गटात शिर्डीच्या मागोमाग कर्जतचे नाव आले. शिर्डीकडे साईबाबांच्या भक्तांचा राबता आहे, पैसा आहे, संस्थान आहे. कर्जतकडे यातले काहीच नव्हते. कर्जतकडे होते सकाळी उठून फावडे, झाडू हातात घेणारे लोक. गावातल्या वेगवेगळ्या सामाजिक संघटना एकत्र आल्या आणि रोजच्या श्रमदानाची सवय लागली: आज एक कोपरा झाडायचा, उद्या दुसऱ्या रस्त्याकडेला खड्डे घेऊन रोपे लावायची, परवा त्यांना पाणी घालायचे. अभियानाचा निकाल लागल्यावरही हे श्रमदान थांबले नाही.

टीकाकार म्हणतील, हे श्रमदान झाले, रस्त्याची रचना बदलणे नव्हे. पण उकिरड्याची जागा साफ करून तिथे झाड लावले की त्या कोपऱ्याचा वापर बदलतो. जिथे कचरा टाकायला गाडी थांबत होती तिथे माणूस थांबतो. हा बदल कुठल्याही आराखड्यात नव्हता, त्याची निविदा निघाली नव्हती, आणि तो जमला नसता तर गावाचे नुकसान दोन-चार सकाळींपलीकडे गेले नसते. लहान, तात्पुरत्या कामाचे सगळे बळ या शेवटच्या मुद्द्यात आहे. ते चुकले तर स्वस्तात चुकते.

आता ज्याला आपल्याकडे ‘भरीव काम’ म्हणतात त्याची चुकण्याची किंमत पाहा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात जा. जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर चढवल्यामुळे रस्ता वर आणि घरांचे उंबरे खाली गेलेले दिसतील; पहिल्या पावसात पाणी रस्त्यावरून थेट ओसरीत येते. मुख्य रस्त्याच्या मधोमध दुभाजक दिसेल, आणि जिथे लोकांना खरोखर रस्ता ओलांडायचा असतो तिथे तो कुणीतरी फोडलेला दिसेल. पेव्हर ब्लॉकचा पदपथ दिसेल, ज्याच्या मधोमध विजेचा खांब तसाच उभा. स्वागत कमान दिसेल, जिच्या खांबांनी रस्त्याच्या दोन्ही कडा खाल्ल्या आहेत. यातले एकही काम करण्याआधी आठ दिवस तरी करून पाहिले होते का? दुभाजकाच्या जागी आधी वाळूची पोती ठेवली असती तर लोक ती कुठे सरकवतात हे फुकटात कळले असते. मग नेमके तिथेच ओलांडण्यासाठी जागा सोडता आली असती. साधे घर बांधायचे तरी गवंडी पाया खणण्याआधी जमिनीवर फक्की टाकून आखणी करतो, मालकाला त्यात उभे करतो, आणि दार इकडे नको तिकडे घ्या म्हटले तर पायाने रेघ पुसून नवी ओढतो. हजारो माणसांच्या रस्त्याला मात्र ही आखणी लागत नाही. तिथे थेट नारळ फुटतो.

याचे कारण उघड आहे. तात्पुरत्या कामाला कोनशिला बसत नाही. फक्कीच्या रेघेचे लोकार्पण होत नाही, पोत्यांच्या रांगेचे भूमिपूजन करायला कुणी मंत्री येत नाही, आणि मोजमाप पुस्तिकेत नोंद होईल असे तिच्यात काही नसते. देखाव्याचा आरोप करायचाच असेल तर तो आधी कुणावर व्हायला हवा, हे ज्याचे त्याने पाहावे.

टीकाकारांचा दुसरा दावा असा की अशा प्रयोगांतून हाती काही लागत नाही. हा दावा खोटा आहे, आणि तो खोटा ठरवणारे उदाहरण गंमत म्हणजे त्या दुसऱ्या कर्जत तालुक्यात, रायगडात आहे. माथेरानला मोटारी जात नाहीत. तिथे माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा चालत. त्या जाऊन ई-रिक्षा याव्यात, अशी ओढणाऱ्यांचीच मागणी होती. घोडेवाल्यांचा आणि पर्यावरणाची काळजी असणाऱ्यांचा तिला विरोध होता. वर्षानुवर्षे दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम होत्या. 2022 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर चालवून पाहायला परवानगी दिली. त्या डिसेंबरमध्ये सात ई-रिक्षा रस्त्यावर उतरल्या आणि तीन महिने चालल्या. शाळेतली मुले त्यात बसली, म्हातारी माणसे बसली, चढावर त्या कशा चालतात हे लोकांनी पाहिले. मुदत संपल्यावर त्या थांबल्या, पुन्हा वाद झाले, पुन्हा न्यायालयात खेपा झाल्या. पण आता वाद कल्पनेतल्या ई-रिक्षेवर नव्हता, डोळ्यांनी पाहिलेल्या ई-रिक्षेवर होता. 6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. तीन महिन्यांच्या सात गाड्यांनी एकट्याने हे घडवले असे कुणी म्हणणार नाही. पण त्या चालल्याच नसत्या तर वाद जिथे होता तिथेच राहिला असता, हेही तितकेच खरे.

न्यूयॉर्कचे उदाहरण जगात सगळ्यांत जास्त सांगितले जाते, आणि त्यातला महत्त्वाचा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. 2009 च्या मे महिन्यात तिथल्या वाहतूक आयुक्त जॅनेट सादिक-खान यांनी टाइम्स स्क्वेअरमधून जाणारा ब्रॉडवेचा भाग वाहनांना बंद केला आणि तिथे समुद्रकिनाऱ्यावर वापरतात तशा स्वस्त घडीच्या खुर्च्या टाकल्या. लोक येऊन बसले. फोटो इथेच संपतो. खरे काम पुढचे आठ महिने चालले. कुठे किती अपघात होतात, गाड्या किती वेगाने जातात, पायी किती माणसे येतात, याची मोजणी होत राहिली. चालकांना आणि प्रवाशांना होणाऱ्या इजा 63 टक्क्यांनी आणि पादचाऱ्यांना होणाऱ्या इजा 35 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्यानंतरच, 2010 च्या फेब्रुवारीत, बदल कायम ठेवायचा असे महापौर ब्लूमबर्ग यांनी जाहीर केले. दगडी फरशीचे पक्के काम त्यानंतर कित्येक वर्षांनी उरकले. आधी खुर्च्या, मग मोजणी, मग निर्णय, सगळ्यांत शेवटी बांधकाम. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो, आणि मोजणी तर वगळलीच जाते.

इथे टीकाकारांना त्यांचे द्यायला हवे. मोजणी वगळली तर त्यांचा आरोप शंभर टक्के खरा ठरतो. स्वच्छ सर्वेक्षणाचे पथक येणार म्हणून एका आठवड्यात रंगवलेल्या भिंती महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहरात आहेत. त्यांच्यावर झाडू हातात घेतलेले गांधीजी आहेत आणि त्यांच्या पायाशी कचरा आहे. अशा भिंतीने काही तपासले जात नाही, ती फक्त गुण मिळवते. मुंबईत 2014 च्या नोव्हेंबरमध्ये वांद्रे-सांताक्रूझ भागात रविवारी सकाळी रस्ते मोकळे करण्याचा ‘इक्वल स्ट्रीट्स’ हा उपक्रम मोठ्या गाजावाजाने सुरू झाला, आणि तिथल्याच काही रहिवाशांच्या तक्रारींनंतर बंद पडला. 27 मार्च 2022 ला मुंबई पोलिसांनी ‘संडे स्ट्रीट्स’ सुरू केले. हे दोन्ही उपक्रम चांगले होते, पण रविवारच्या सकाळी काय घडले त्यावरून सोमवारच्या रस्त्याबद्दल काय ठरवायचे, हे त्यांत आधी ठरलेले नव्हते. केंद्र सरकारच्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ स्पर्धेत देशातल्या 11 विजेत्या शहरांपैकी चार महाराष्ट्रातली होती: पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर आणि तेव्हाचे औरंगाबाद. बक्षिसाची पाटी लावायला या शहरांना वेळ लागला नाही. प्रयोगाआधी किती माणसे त्या रस्त्याने चालत होती आणि नंतर किती, हेही त्याच पाटीवर असायला हवे होते.

म्हणजे रोग तात्पुरतेपणाचा नव्हे. न मोजता केलेले काम फक्कीचे असो की काँक्रीटचे, ते अंदाजपंचेच असते. फरक इतकाच की फक्की पावसात वाहून जाते आणि काँक्रीट तीस वर्षे अंगावर राहते.

तालुक्याच्या गावाला याचे काय, या प्रश्नाला लांब उत्तर लागतच नाही. मोठ्या शहराकडे एक रस्ता बिघडला तर दुसरा असतो. लहान गावात मुख्य रस्ता एकच. एसटी, शाळा, दवाखाना, बँक, बाजार, तहसील सगळे त्याच्यावर. तिथे चूक पचवायला जागाच नाही. शिवाय लहान गावाच्या रस्त्याचे स्वभाव पुण्याहून आलेल्या सल्लागाराला कागदावर दिसत नाहीत. जूनमध्ये उत्तम वाटणारे अरुंद वळण जानेवारीत दोन ट्रेलरच्या ट्रॅक्टरला वळता येणार नाही असे असू शकते. डिसेंबरात त्या वळणावर चार पिंपे ठेवून पाहिली तर पहिल्याच संध्याकाळी उत्तर मिळते. पिंपे सरकवायची, पुन्हा पाहायचे. तेच वळण दगड-सिमेंटने बांधले असेल तर ते ट्रॅक्टरवालेच फोडतात, आणि मग गावात ‘लोकांना शिस्त नाही’ असे भाषण होते.

आणि हे आपल्याकडे परके आहे, असे म्हणणाऱ्यांनी जरा आजूबाजूला पाहावे. आठवडे बाजार हा काय प्रकार आहे? एका दिवसासाठी गावाचा नकाशा बदलतो. गाड्यांची जागा पथाऱ्यांना मिळते, कुठे मिरची आणि कुठे बी-बियाणे हे न लिहिता ठरलेले असते, आणि संध्याकाळी सगळे उचलले जाते. आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे कामिका एकादशीला, कर्जतमध्ये गोदड महाराजांचा रथ निघतो. रथ निघायचा तर रस्ता मोकळा करावाच लागतो. त्या दिवशी रस्त्याचा मालक रथ आणि त्याच्याबरोबरची माणसे. आषाढी वारीत पालख्या पुण्यात शिरल्या की पोलीस रोज कुठला रस्ता कधी बंद, कुठला वळवला, याची पत्रके काढतात, आणि पुणेकर चडफडत का होईना ते पाळतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1974 पासून रविवारी आणि सणाच्या दिवशी शंभराहून अधिक किलोमीटरचे रस्ते सायकलींना आणि चालणाऱ्यांना मोकळे होतात. जगभरचे नगररचनाकार ते पाहायला विमानाने जातात. त्यातल्या काहींनी एखादी आषाढी इथे काढायला हरकत नव्हती.

अगदी अलीकडचे उदाहरण तर कुणीच विसरलेले नाही. 2020 च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि भाजीचा बाजार कसा भरवायचा हा प्रश्न गावोगावी उभा राहिला. तो सोडवायला कुणी आराखडा मागवला नाही. शाळांची मैदाने, मोकळी पटांगणे इथे विक्रेते हलवले गेले, किराणा दुकानांसमोर चुन्याचे चौकोन आखले गेले, आणि दुसऱ्या दिवशी लोक त्या चौकोनात उभे होते. नगरपंचायतीला, ग्रामपंचायतीला रस्ता एका रात्रीत बदलता येतो, हे त्या वर्षी सिद्ध झाले. ते साथीच्या भीतीने झाले, हे मान्य. पण रस्त्यावर माणसे मरतात ही भीतीही काही कमी नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली. त्यांपैकी 32,825 जण पायी चालणारे होते. त्याच वर्षी महाराष्ट्रात 15,224 माणसे रस्त्यावर गेली. साथ असती तर एव्हाना चौकाचौकात चुना पडला असता.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे, आणि तो घेणारे बहुधा गावातले अनुभवी लोक असतात. ते म्हणतात, आपल्याकडे तात्पुरते कधी तात्पुरते राहत नाही. आज बसायला बाक ठेवाल, उद्या त्यावर ताडपत्री येईल, परवा टपरी, आणि वर्षाने तिला वीज मीटर. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तालुक्याच्या प्रत्येक गावात अशी वाढत गेलेली टपरी दाखवता येते, आणि तिच्यामागे कुणाचा हात आहे हेही सगळ्यांना ठाऊक असते.

पण नीट पाहिले तर हा आक्षेप तात्पुरत्या कामाविरुद्धचा नाही, तारीख नसलेल्या कामाविरुद्धचा आहे. ती टपरी कुठल्याही प्रयोगातून आलेली नसते. ती येते कारण त्या जागेबद्दल कुणीच काही ठरवलेले नसते. फेरीवाल्यांसाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात सर्वेक्षण सांगितले आहे, नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे, विक्रीची जागा ठरवायची रीत सांगितली आहे. ती रीत कागदावर राहते तिथे टपरी वाढते, आणि मग वर्षातून एकदा जेसीबी आणून अतिक्रमण हटाव होते, चार दिवसांनी टपरी परत. तारखेचे तात्पुरते कसे असते हे महाराष्ट्राला दुसऱ्या एका ठिकाणी पक्के माहीत आहे: गणपतीच्या मांडवात. मांडवाला परवानगी लागते, मापे लागतात, उत्सव संपल्यावर तो काढावा लागतो, खड्डे बुजवावे लागतात. रस्ता अडवून मांडव घालण्याचा कुणाला मूलभूत हक्क नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये ठाण्यातल्या एका याचिकेवर स्पष्ट केले. पाळले किती जाते हा वेगळा विषय, पण चौकट आहे. सुटण्याची तारीख लिहिलेली असेल तर ते तात्पुरते. नसेल तर त्याला अतिक्रमण म्हणतात. अनुभवी लोकांनी प्रयोगाला विरोध करण्याऐवजी त्याच्या पाटीवर तारीख मागावी. ती मागणी रास्त आहे आणि ती मान्य न करणारा प्रयोग त्यांनी खुशाल हाणून पाडावा.

व्यापाऱ्यांचे म्हणणेही ऐकायला हवे, कारण गावात विरोधाचा आवाज त्यांचाच मोठा असतो. गिऱ्हाईक दुकानासमोर गाडी लावते. गाडी लावता आली नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. असेल. पण बाजारपेठेत सकाळी दहाला लागलेल्या आणि रात्री आठपर्यंत न हललेल्या मोटरसायकली कुणाच्या, हे एकदा मोजले पाहिजे. त्यांतल्या बऱ्याचशा दुकानदारांच्या आणि त्यांच्या नोकरांच्याच निघाल्या तर आश्चर्य वाटायला नको. पुण्यात औंधच्या डी. पी. रस्त्यावर पदपथ रुंद करण्याआधी बॅरिकेड आणि कुंड्या मांडून तो कसा दिसेल हे दाखवले गेले, तेव्हाही पार्किंगच्या नावाने ओरड झाली. ओरड होणारच, आणि व्हावी. तिच्यासाठीच प्रयोग असतो. महिनाभरात गल्ला खरोखर घटला तर व्यापाऱ्याच्या हातात पुरावा येतो आणि पोती उचलली जातात. काँक्रीटचा दुभाजक एकदा दुकानासमोर आला की मात्र त्याला कुणाकडे दाद मागता येत नाही. तात्पुरत्या कामाचा सर्वांत मोठा लाभार्थी त्याला विरोध करणाराच आहे.

‘आधी गटार बांधा, पाणी द्या, मग रस्त्यांवर खेळ करा’ हे वाक्य टाळ्या घेते. त्यात अडचण एवढीच की फक्कीची गोणी आणि गटाराचे काम एकाच थैलीतून येत नाही, एकाच वेळी येत नाही आणि एकमेकांच्या आड तर मुळीच येत नाही. उलट गटार कुठल्या बाजूने काढायचे, त्यावरची फरशी चालायला वापरायची की नाही, हे ठरवायलाही आधी रस्ता पाहावाच लागतो.

लहान गावाच्या राजकारणाचाही इथे विचार करायला हवा. 2025 मध्ये कर्जत नगरपंचायतीत मुदतीच्या मध्येच सत्तांतर झाले. असे अनेक गावांत होते आणि त्याचा परिणाम मोठ्या कामांवर ठरलेला असतो: एकाने नारळ फोडला, दुसऱ्याने बिल काढले, तिसऱ्याच्या काळात खचले, जबाबदार कुणीच नाही. महिनाभराचा प्रयोग कुणाच्याही मुदतीत मावतो. ज्याने तो मांडला त्यालाच त्याचे उत्तर द्यावे लागते. पुढाऱ्यांना तो नकोसा वाटण्याचे हेही एक कारण असावे.

कायद्याची अडचण सांगणाऱ्यांसाठी मोटार वाहन अधिनियम 1988 चे कलम 115 आहे. ठरावीक भागात किंवा रस्त्यावर वाहनांना मनाई करण्याचा अधिकार त्यात राज्य सरकारला आणि सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला आहे. मनाई एक महिन्याहून अधिक नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढण्याचीही गरज नाही. शक्य ती स्थानिक प्रसिद्धी दिली की पुरते. संसदेने एक महिना करून पाहायची मुभा जवळपास चाळीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवली आहे. आणि 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोग्या पदपथाचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. मुभाही आहे आणि कर्तव्यही.

तेव्हा कर्जतने पुढचे गाळप सुरू झाल्यावर, ट्रॅक्टर रस्त्यावर असताना, एक शाळा आणि तिच्यासमोरचा रस्ता निवडावा. शाळा भरण्याची आणि सुटण्याची वेळ एवढ्यापुरतीच जड वाहनांना मनाई, फक्कीने आखलेली चालण्याची पट्टी, कडेला पिंपे, आणि पाटीवर सुरुवातीची व शेवटची तारीख. आधीचा एक आठवडा आणि प्रयोगाचे चार आठवडे मोजणी व्हावी: किती मुले पायी आली, किती गाड्या थांबल्या, किती ट्रॅक्टर अडकले, समोरच्या दुकानांचे म्हणणे काय. मोजायला महाविद्यालयातली मुले आहेत, रोज सकाळी श्रमदानाला उठणारी माणसे आहेत. आकडे नगरपंचायतीच्या फलकावर लागावेत, बरे निघोत की वाईट. आणि ज्यांना हा सगळा देखावा वाटतो, त्यांनी घरी बसून तसे म्हणू नये. वही-पेन घेऊन पहिल्या दिवशी सकाळी मोजणीला उभे राहावे.